दूध संस्थेत ऑटोमॅटिक मशीन बसवताना: ठरावापासून पहिल्या बिलापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत १ डिसेंबर २०२५ पासून वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर हे चारही आकडे थेट पावतीवर छापून येतात. ठराव सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत झाला होता. मधल्या दोन महिन्यांत काय काय लागलं, कुठे थांबावं लागलं, पैसे कशात गेले, ते क्रमाने लिहितो आहे. आसपासच्या संस्थांचे सचिव हेच विचारतात आणि फोनवर सगळं सांगून होत नाही. मशीन विकत आणणं हे यातलं सर्वात सोपं काम. त्यातून निघणारा आकडा बरोबर राहील अशी व्यवस्था लावायला जास्त वेळ लागतो, आणि कोटेशनमध्ये त्याची ओळ नसते.

सभेत पैशांपेक्षा वेगळीच भीती पुढे आली. 'मशीन आलं की फॅट कमी लागणार' हे म्हैसवाल्यांचं म्हणणं, आणि 'एसएनएफला कट बसणार' हे गायवाल्यांचं. दोन्ही शंका रास्त आहेत, त्यामुळे त्या ठरावातच घेतल्या: मशीन सुरू करण्याआधी दहा दिवसांचं एक पूर्ण बिल जुन्या पद्धतीने आणि नव्या मशीनवर समांतर काढायचं, आणि गर्बरचं (ॲसिड वापरून हाताने फॅट काढण्याच्या पद्धतीचं) सामान मोडीत काढायचं नाही. ठरावात आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. खर्चाची कमाल मर्यादा, किमान तीन कोटेशनं, आणि जुना मिल्को टेस्टर (फॅट मोजायचं जुनं यंत्र) निर्लेखित करण्याची, म्हणजे हिशेबातून कमी करण्याची मंजुरी. शेवटची राहून गेली तर जुनं यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या वस्तूंच्या नोंदवहीला) तसंच पडून राहतं आणि लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतो. नव्या वस्तूंची नोंद अनुक्रमांकासकट त्याच रजिस्टरला करावी लागते, म्हणून बिलावर प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक छापून मागा.

ऑक्टोबरात कोटेशनं आली. आकडे ८५ हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत. एवढा फरक का, ते वस्तू वेगवेगळ्या करून बघितल्यावर कळतं. आमच्या निवडीत अल्ट्रासोनिक ॲनालायझर (फॅट आणि एसएनएफ मोजणारं मुख्य मशीन) साधारण ४८ हजार, हिशेबाचं युनिट आणि प्रिंटर २४ हजार, १०० किलोचा काटा ११ हजार, बॅटरी-चार्जर ९ हजार, अल्ट्रासोनिक स्टिरर ७ हजार आणि सभासदांच्या बाजूला तोंड असलेला मोठा डिस्प्ले ४ हजार. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे सव्वा लाखाच्या आत. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा स्टिरर आणि डिस्प्ले नसतात. हे दोन्ही सोडू नका. ताज्या दुधात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि ध्वनिलहरींवर चालणारं मशीन त्यांनी हमखास फसतं. स्टिरर ते बुडबुडे काही सेकंदांत काढतो. आणि डिस्प्ले नसेल तर सभासदाला आकडा टेस्टरच्या, म्हणजे दूध तपासणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागतो.

डेमोच्या दिवशी विक्रेता आपलं दूध आणतो. ते बाजूला ठेवायला सांगा आणि आपल्या गोठ्यांतली दुधं द्या: एक कमी फॅटचं गायीचं, एक मधलं, एक आठ-नऊ फॅटचं म्हशीचं. प्रत्येक दूध पाच वेळा लावा. पहिला आकडा सोडून द्या, कारण आधीच्या नमुन्याचा थेंब नळीत राहिलेला असतो. उरलेले चार एकमेकांपासून ०.१ पेक्षा लांब जात असतील तर ते मशीन घेऊ नका. आकडा गर्बरपेक्षा सरसकट कमी-जास्त असेल तर तो सेटिंगने सुधारता येतो. पण त्याच दुधाचा आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर त्याला सेटिंगचं औषध नाही. वार्षिक देखभालीच्या करारात 'मशीन बंद पडल्यास २४ तासांत पर्यायी मशीन' हे वाक्य घालून घ्या. संकलन दिवसातून दोनदा आहे, दूध थांबत नाही.

ऑर्डर दिवाळीच्या आधी गेली आणि माल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. ही वाट बघण्याची मुदत सभासदांची यादी तयार करण्यात घालवा, ते काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे. कोड क्रमांक, पासबुकावर आहे तसंच नाव, आधारशी जोडलेलं खातं, मोबाइल, आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडी क्रमांक. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिलं तेव्हा बिल्ला आणि आधार जोडणी दोन्ही मागितली होती, आणि ज्यांची माहिती जुळत नव्हती त्यांची धावपळ झाली. एका घरात दोन भावांची खाती वेगळी असतील तर कोडही वेगळे द्या. म्हैस आणि गाय दोन्ही असतील तर कोड एकच पण दुधाचा प्रकार वेगळा. तो प्रकार चुकीचा निवडला गेला तर मशीन म्हशीचं दूध गायीच्या सेटिंगवर मोजतं आणि आकडा भलताच येतो.

बसवताना जागेचा विचार करा. बल्क कूलरचा (दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं, म्हणून मशीनची लाइन वेगळी घेतली आणि अर्थिंग नव्याने केलं. टेबल हलतं नको, पंख्याचा वारा काट्यावर नको. मशीन आतल्या आत दूध तापवून वेगवेगळ्या तापमानांना त्यातून ध्वनिलहर सोडतं; तिचा वेग आणि ती किती मंदावते यावरून फॅट आणि एसएनएफ काढतं. सुरू केल्यावर गरम व्हायला वेळ द्यावा लागतो. सकाळी संकलनाच्या अर्धा तास आधी बटण दाबायचं, डिस्टिल्ड वॉटर लावून बघायचं. पाण्याला फॅट आणि एसएनएफ दोन्ही शून्य यायला पाहिजेत. नाही आले तर आत दुधाचा थर बसलेला आहे. आधी धुवा, मग सेटिंगला हात लावा.

काटा आल्या आल्या वापरता येत नाही. वैधमापनशास्त्र विभागाची (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची) पडताळणी आणि शिक्का लागतो, दर वर्षी फेरपडताळणी. आम्ही परवानाधारक दुरुस्तीकारामार्फत अर्ज आणि फी भरली. निरीक्षकांची तारीख मिळेपर्यंत नोव्हेंबरचा मध्य उजाडला. शिक्क्यावर तिमाहीचं अक्षर आणि वर्ष असतं. ऑक्टोबर ते डिसेंबरला 'डी'. प्रमाणपत्र सभासदांना दिसेल अशा ठिकाणी लावायचं. काटा घेताना १० ग्रॅमपर्यंत वाचणारा घ्या आणि हिशेबाच्या युनिटमध्येही दोन दशांश स्थळं चालू आहेत का ते बघा. पुष्कळ ठिकाणी काटा १० ग्रॅम दाखवतो आणि युनिट मात्र १०० ग्रॅमच्या खालचं कापून टाकतं. दोन-अडीच लिटर घालणाऱ्या माणसाला ते वेळेला ९० ग्रॅमपर्यंत पडू शकतं. किलोचे लिटर करताना १.०३ ने भागतात. तो भागाकार युनिटमध्ये एकदाच होतो ना, हेही तपासा. शिक्का मारलेलं एक पाच किलोचं वजन केंद्रावर ठेवलं आहे, कुणीही कधीही काट्यावर ठेवून बघावं.

हा शिक्का फक्त वजनापुरता. फॅट बरोबर लागते की नाही याची जबाबदारी संस्थेवरच राहते, आणि तिथे गर्बरला पर्याय नाही. मशीन बसवायला आलेल्या माणसाने एका नमुन्यावर जुळवून 'ओके' केलं होतं. एका नमुन्यावर जुळणी होत नाही. गायीची तीन दुधं घ्या, साधारण ३.२, ४ आणि ४.८ च्या आसपासची, आणि म्हशीची तीन, ५.५, ७ आणि ९ च्या आसपासची. प्रत्येकाचं गर्बर दोनदा करा.

गर्बर बरोबर करणारे हात आता कमी झालेत, म्हणून सविस्तर लिहितो. बुटिरोमीटरमध्ये (फॅट वाचायच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत) आधी १० मिली गर्बरचं सल्फ्युरिक ॲसिड. मान ओली होऊ द्यायची नाही. मग १०.७५ मिली दूध पिपेटने, काचेच्या कडेने, सावकाश, म्हणजे ते ॲसिडवर तरंगत राहतं आणि एकदम जळत नाही. मग १ मिली अमाइल अल्कोहोल. स्टॉपर घट्ट लावून, फडक्यात धरून, गुठळी विरेपर्यंत हलवायचं. बुटिरोमीटर हाताला चटका देण्याइतका तापतो. मिनिटाला अकराशेच्या आसपास फेऱ्यांवर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवणाऱ्या यंत्रात), नंतर ६५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं, आणि बाहेर काढल्या काढल्या वाचन. फॅटचा स्तंभ स्वच्छ, पिवळसर, पारदर्शक दिसला पाहिजे. खाली काळे कण दिसले तर ॲसिड तीव्र आहे किंवा दूध घाईने ओतलं आहे. पांढरट दह्यासारखा थर दिसला तर ॲसिड कमजोर. दोन्ही वेळी वाचन टाकून द्या. बाजारातलं साधं तीव्र ॲसिड आणून घरी पातळ करण्याच्या फंदात पडू नका. २७ अंशांना १.८०७ ते १.८१२ घनतेचं तयार गर्बर ॲसिड मिळतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच हे काम करा आणि जवळ पाण्याची भरलेली बादली ठेवा.

आता दोन्ही आकडे समोरासमोर मांडा. मशीन तिन्ही दुधांना ०.२ ने जास्त दाखवत असेल तर सरळ ०.२ ची वजाबाकी सेटिंगमध्ये घालता येते. पण कमी फॅटला फरक शून्य, मधल्याला ०.२ आणि जास्त फॅटला ०.५ असा वाढत जात असेल तर नुसत्या वजाबाकीने काम होत नाही. कमी फॅटच्या दुधाला त्याने अन्याय होतो आणि जास्त फॅटचं दूध तरीही चुकीचंच लागतं. अशा वेळी कंपनीच्या माणसाला सहाही आकड्यांचा कागद दाखवून पूर्ण जुळणी करून घ्या. आमच्या मशीनमध्ये म्हशीच्या सेटिंगला हाच प्रकार होता. तो माणूस परत येईपर्यंत जवळजवळ आठवडा गेला आणि सभासदांत 'मशीन बिघडलेलंच आणलं' अशी कुजबुज सुरू झाली. ते दिवस मनाला लागतात. आम्ही तो सहा आकड्यांचा कागद फळ्यावर लावून ठेवला. तारीख, गर्बर, मशीन, फरक. लोक वाचतात, आपापसात बोलतात आणि मग विचारायला येतात.

एसएनएफला लॅक्टोमीटर (दुधात तरंगत ठेवून घनता मोजायचं साधन) आणि सूत्र लागतं. आमच्याकडे चालणारं सूत्र असं: सीएलआर (लॅक्टोमीटरचं तापमानानुसार दुरुस्त केलेलं वाचन) भागिले ४, अधिक ०.२ गुणिले फॅट, अधिक ०.३६. म्हणजे ३.५ फॅट आणि ३० सीएलआरला ७.५ अधिक ०.७ अधिक ०.३६, एकूण ८.५६. काही ठिकाणी शेवटचा आकडा ०.४४ धरतात. तेवढ्याने ०.०८ चा फरक पडतो, आणि ८.५ च्या काठावरचं दूध इकडचं तिकडे होतं. आपला संघ (संस्थेचं दूध घेणारा दूध संघ) कोणतं सूत्र धरतो ते लेखी मागून घ्या आणि मशीन त्यावर जुळवा. लॅक्टोमीटरवर कोणतं तापमान कोरलं आहे तेही वाचा. नुकतंच काढलेलं दूध लॅक्टोमीटरला थोडं हलकं लागतं, आत हवा असते आणि फॅट पातळ असते. जुळणीचं दूध ४० अंशांपर्यंत कोमट करून, हलक्या हाताने ढवळून, २७ ला आणून मग मोजावं.

समांतर मोजणी २१ ते ३० नोव्हेंबर चालली. याच दहा दिवसांत नमुन्याचं महत्त्व सगळ्यांच्या लक्षात आलं. मशीनच्या पोटात थोडंसंच दूध जातं, त्यावर सगळ्या किटलीचा दर ठरतो. म्हणून किटलीतलं दूध वरखाली पाच-सहा वेळा ढवळून मगच नमुना काढायचा. दोन किटल्या असतील तर आधी एकत्र करायच्या. नमुन्याची बाटली ओली नको. २० मिली नमुन्यात धुतलेलं अर्धा मिली पाणी राहिलं तर ८.५० चा एसएनएफ ८.२९ होतो. समजा दरपत्रकात ०.१ ला ३० पैसे असतील, तर दोन्ही वेळचं मिळून वीस लिटर घालणाऱ्याचे त्या अर्ध्या मिलीने रोज बारा रुपये जातात, महिन्याला साडेतीनशेच्या वर. आम्ही बाटल्यांचे दोन संच केले, एक वापरात आणि एक उपडा निथळत.

एका सकाळी आमच्या एक सभासद आक्कांनी पावती पुढे धरली. "कालपातूर साडेसहा लागत हुती नव्हं, आज सहा कशी?" चौकशी केली तर वासरू शेवटी पाजलं होतं. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं, फॅट शेवटच्या धारांत असते. ते वासराला गेलं, किंवा घरच्या चहाला शेवटचा तांब्या बाजूला काढला, की केंद्रावर फॅट कमी लागणारच. आधी वासराला सोडा, शेवटच्या धारा किटलीत येऊ द्या, एवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच म्हशीचं दूध पुन्हा साडेसहाच्या आसपास लागलं, आणि त्यांनी स्वतःच चार जणींना सांगितलं. सकाळ-संध्याकाळच्या फॅटमधला फरकही असाच. दोन धारांमधलं रात्रीचं अंतर लांब, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट थोडी कमी.

थंडीत म्हशीच्या दुधावर साय धरते आणि लांबून आलेल्या किटलीत फॅटचे कण दिसतात. तो नमुना तसाच लावू नका, कोमट पाण्यात बाटली धरून कण विरवा. आंबायला लागलेलं दूध तर लावूच नका. ते आत फाटतं आणि नळी अडकते. गायीची रांग आधी आणि म्हशीची नंतर ठेवली तर आधीच्या नमुन्याचा परिणाम कमी होतो.

सुरू करण्याआधी सेटिंगच्या तीन गोष्टी समितीसमोर ठरवून वहीत लिहिल्या. पहिली, दशांश. मशीन ३.५८ दाखवतं, युनिट त्याचं ३.६ करतं की ३.५ वर कापतं? आम्ही जवळच्या आकड्याला नेणं ठेवलं, कापणं बंद केलं. कापण्यात सभासदाचं दर वेळी सरासरी ०.०५ च्या आसपास जातं आणि ते कुणाच्या नजरेला येत नाही. दुसरी, हाताने आकडा भरण्याची सोय. वीज किंवा मशीन गेलं तर ती लागते, पण पासवर्ड टेस्टरकडे नको. तो सचिव आणि एक संचालक असा दोघांनी मिळून वापरायचा, आणि हाताने भरलेल्या प्रत्येक पावतीवर 'एम' अक्षर छापून आलं पाहिजे. तिसरी, 'पाण्याचं प्रमाण' हा रकाना. तो पावतीवर छापणं आम्ही बंद केलं. मशीन पाणी मोजत नाही, घटकांवरून हिशेब करून अंदाज देतं. उसाच्या हंगामात जनावरं नुसत्या वाड्यावर (उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्यावर) असली, सुग्रास (पशुखाद्य) कमी पडलं, की एसएनएफ आपोआप उतरतो आणि पावतीवर पाच टक्के पाणी असं येतं. प्रामाणिक माणसाच्या हातात असा कागद देणं बरोबर नाही. शंका असेल तर गोठ्यावर जाऊन समोर धार काढून नमुना घ्यावा, त्याच मशीनवर लावावा आणि मग बोलावं.

उलट बाजूही तितकीच खरी. साखर, मीठ, युरिया, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) घातलं तर हे मशीन एसएनएफ वाढलेला दाखवतं आणि खुशाल जास्त दर छापतं. म्हणून अधूनमधून, न सांगता, साध्या चाचण्या कराव्या लागतात. युरियाला डीएमएबी नावाचं रसायन: दूध आणि रसायन समान घेतलं की ठळक पिवळा रंग. नैसर्गिक दुधातही थोडा युरिया असतो, तेव्हा फिक्या पिवळटपणावर कुणाला धरू नका. शेजारी खात्रीच्या दुधाची नळी ठेवून रंग ताडून बघा.

१ डिसेंबरला पावत्या सुरू झाल्या, पहिलं बिल ११ तारखेला निघालं. बिलाआधी एक हिशेब रोज करायची सवय लावली आहे, तो कुठल्याही संस्थेने करावा. प्रत्येक सभासदाचं लिटर गुणिले फॅट, त्यांची बेरीज, भागिले एकूण लिटर. ही आपली सरासरी. साधी सरासरी काढू नका. दोन लिटर ५.० चं आणि अठरा लिटर ३.६ चं असेल तर साधी सरासरी ४.३ येते, खरी मात्र ३.७४ आहे. ही सरासरी संघाच्या पावतीवरच्या फॅटशी ताडायची. रोज ०.१ च्या आत कधी वर, कधी खाली असा फरक राहिला तर ठीक. सलग चार-पाच दिवस एकाच बाजूला गेला तर मशीन सरकलं आहे. आपलं मशीन जास्त दाखवत असेल तर संस्थेला घट येते आणि ती पुढे सभासदांच्या दर फरकातून (नंतर मिळणाऱ्या वाढीव रकमेतून) जाते. कमी दाखवत असेल तर संस्थेचा वाढावा दिसतो, पण ते सभासदाचे पैसे असतात. दोन्ही वेळी गर्बर काढायचं.

मशीन सरकण्याचं कारण बहुतेक वेळा धुण्यात सापडतं. संकलन संपलं की कोमट पाण्याच्या फेऱ्या, मग कंपनीचं रोजचं अल्कलीचं द्रावण, पुन्हा पाणी. आठवड्यातून एकदा ॲसिडचं द्रावण, कारण दुधाचा क्षार अल्कलीने निघत नाही. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, त्याचाच थर बसतो. मधे पंधरा-वीस मिनिटं रांग रिकामी राहिली तरी पाण्याची एक फेरी द्या. पंपाची रबरी नळी सैल पडली की ती दुधाबरोबर हवा ओढते आणि फॅटचा आकडा उड्या मारतो; जादा नळी टेबलाच्या खणात ठेवा. द्रावणं, कागदाचे रोल आणि गर्बरचं सामान मिळून महिन्याचा खर्च हजार-बाराशेच्या घरात जातो. तो अंदाजपत्रकात आधीच धरा.

दर सोमवारी सकाळच्या संकलनानंतर दोन गायीची आणि दोन म्हशीची दुधं गर्बरवर लागतात. दुधं कुणाची घ्यायची ते रांगेतला पहिला सभासद सांगतो, वाचन त्याने स्वतः डोळ्यांनी करायचं आणि वहीत सही करायची. काट्याची फेरपडताळणी पुढच्या नोव्हेंबरात आहे. दुरुस्तीकाराला ऑक्टोबरातच सांगायचं ठरलं आहे, आणि त्या दिवसापुरता शेजारच्या संस्थेचा शिक्का असलेला जादा काटा मागून ठेवला आहे.